करंजा, सहा ठिपक्यांत

मागच्या डिसेंबरातला एक शनिवार. आमच्या टीममधला टेस्टर मित्र करंजाला घरी जेवायला आला होता. जन्मापासून दृष्टिहीन आहे. उरणपर्यंत आता लोकल येते (खारकोपरच्या पुढचा तुकडा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला), पण साहेबांना लाँचच हवी होती. भाऊच्या धक्क्यावरून मोरा, मोऱ्यावरून रिक्षा. "लोकल काय रोजचीच आहे," म्हणाला. दारात पाय ठेवताच, "काकू, आज सुकट नाही, ताजी कोळंबी आहे ना?" आई खूश. मी तिचा मुलगा असून मला इतकं बरोबर कधी ओळखता आलं नाही.

जेवणानंतर माझ्या आठ वर्षांच्या पुतणीने, म्हणजे छकुलीने, त्याचा ताबा घेतला. त्याने पिशवीतून ब्रेलची पाटी आणि स्टायलस काढला, जाड कागद अडकवला आणि टक टक टक करत काहीतरी टोचलं. उजवीकडून डावीकडे, कारण ठिपके मागच्या बाजूने टोचायचे असतात, कागद उलटला की ते वर येतात. उलटून त्याने छकुलीचं बोट एकेका घरावरून फिरवलं. क, र, अनुस्वार, ज, आ. करंजा! मग त्याखाली त्याने तेच नाव इंग्रजीत टोचलं. के, ए, आर, ए, एन, जे, ए.

मी वरून बघत होतो, आणि इंजिनिअरची नजर असल्यामुळे (खोड म्हणा) मला एक गोष्ट दिसली. मराठीतला क आणि इंग्रजीतला के एकच. र आणि आर एकच. ज आणि जे एकच. वरची ओळ मराठी, खालची इंग्रजी, आणि तीन घरं ठिपक्याला ठिपका सारखी.

"हे कुणी ठरवलं रे?"

"बैरूतला ठरलं. १९५१ साली. शोध की, इंजिनिअर ना तू?"

बैरूत? लेबनॉनमधलं? करंजा कसं लिहायचं ते बैरूतला ठरलं? पाहुणा गेल्यावर रात्री बसलो शोधायला, आणि पुढचे दोन-तीन विकांत त्यातच गेले. हा लेख त्याचंच फलित.

पण आधी थोडं हापिसातलं सांगायला हवं, नाहीतर मला हे एवढं का लागलं ते कळणार नाही.

आमच्या कंपनीत (नाव नको, नोकरी करायचीय अजून) एक डिझाइन सिस्टीम आहे. म्हणजे बटण, टॅब, डेट पिकर, मोडल असे तयार सुटे भाग, आणि ते कसे वापरायचे हे सांगणारी पानं. प्रत्येक भागाच्या पानावर ॲक्सेसिबिलिटीबद्दलही काही ना काही लिहिलेलं. पण कसं? बटणाच्या पानावर त्यासाठी वेगळा टॅब. टॅबच्या पानावर तळाशी तीन बुलेट. मोडलच्या पानावर पिवळ्या चौकटीत 'फोकस आत अडकवा' एवढंच. सोडायचा कधी आणि परत न्यायचा कुठे, त्याचा पत्ता नाही. टोस्टच्या पानावर काहीच नाही. आणि डेट पिकरच्या पानावर मी लिहिलेला दीड हजार शब्दांचा निबंध, तक्त्यांसकट. मला त्याचा भारी अभिमान होता.

कोळंबी खाता खाता मित्र म्हणाला होता, "तुझं पान सगळ्यात चांगलं आहे. पण ते दुसऱ्या कुठल्याच पानासारखं नाही. मी पान वरून खाली वाचत नाही, हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारतो. बटणाच्या पानावर शिकलेली उडी तुझ्या पानावर चालत नाही. म्हणजे दर पानावर पहिल्यापासून सुरुवात."

मी मनात म्हटलं, मग बाकीच्यांनी माझ्यासारखं लिहावं की! तोंडाने काही बोललो नाही. आता इतिहास.

*

लुई ब्रेलचा जन्म १८०९ चा, फ्रान्समधल्या कुव्रे गावचा. लहानपणीच अपघाताने दृष्टी गेली. शार्ल बार्बिए नावाच्या माणसाची अंधारात वाचता येईल अशी बारा ठिपक्यांची एक पद्धत होती. ती बोटाखाली एका वेळी मावत नसे. ब्रेलने पंधराव्या वर्षी, १८२४ च्या सुमारास, तिची सहा ठिपक्यांवर आणली आणि १८२९ मध्ये पुस्तक काढलं. डावा रकाना वरून खाली १, २, ३; उजवा ४, ५, ६. एवढ्यातून ६३ खुणा होतात. काहीच न टोचलेलं मोकळं घर धरलं तर ६४. (दोनाचा सहावा घात. आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको!)

त्याने अक्षरं लावली ती वर्णमालेच्या क्रमाने. पहिली दहा अक्षरं वरच्या चार ठिपक्यांत, पुढच्या दहांना तोच साचा आणि शिवाय तिसरा ठिपका. शिकायला सोपं, पण इंग्रजीच्या दृष्टीने तितकंसं शहाणं नाही. इंग्रजीत टी हे अक्षर पदोपदी येतं, आणि त्याला चार ठिपके टोचावे लागतात.

अमेरिकेत हे काही लोकांच्या डोळ्यांवर आलं. विल्यम बेल वेट यांनी 'न्यूयॉर्क पॉइंट' काढली, बोस्टनच्या जोएल स्मिथ यांनी 'अमेरिकन ब्रेल' काढली. दोन्हींत तत्त्व एकच: जे अक्षर जास्त वेळा येतं त्याला कमी ठिपके. म्हणजे आपण कॉलेजात हफमन कोडिंग म्हणून शिकलो तीच कल्पना, हफमनच्या कितीतरी आधी. हुशारी वादातीत होती. पण झालं काय? काही पुस्तकं एका लिपीत, काही दुसरीत, इंग्लंडहून आलेली तिसरीत. अंध वाचकाने सगळ्या शिकायच्या. हेलन केलरलाही अनेक पद्धती शिकाव्या लागल्या. न्यूयॉर्कच्या शाळांत कोणती लिपी असावी यावर १९०९ मध्ये जाहीर सुनावण्या झाल्या. इंग्रजी जाणणाऱ्या जगाची एक समान ब्रेल ठरायला १९३२ उजाडलं, आणि जिंकली ती कमी ठिपक्यांची लिपी नाही, ब्रेलचीच जुनी मांडणी जिंकली. कारण ती आधीच सगळ्यात जास्त ठिकाणी पोचली होती.

या ठिकाणी मी पहिल्यांदा माझ्या डेट पिकरच्या पानाकडे जरा संशयाने पाहिलं :)

*

आपल्याकडची गोष्ट याहून गुंतागुंतीची. अंधांसाठी भारतातली पहिली शाळा १८८७ ची, अमृतसरला ॲनी शार्प यांनी काढलेली. पुढे ती डेहराडूनजवळ राजपूरला गेली. कलकत्त्याला लाल बिहारी शाह यांची शाळा १८९७ ची. मुंबईत ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनी १९०० मध्ये शाळा सुरू केली; तीच पुढे दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ ची.

आता या प्रत्येक शाळेपुढे एकच प्रश्न. पोरांना आपली भाषा वाचायला शिकवायची, आणि ठिपके तर सहाच. इंग्रजीची सव्वीस अक्षरं ६३ खुणांत आरामात बसतात. आपल्याकडे स्वर, व्यंजनं, प्रत्येक स्वराची वेगळी मात्रा, वर जोडाक्षरं. छापील देवनागरी जशीच्या तशी ६३ खुणांत कोंबता येत नाही. काहीतरी सोडायला लागतं. काय सोडायचं आणि कुठल्या अक्षराला कुठली खूण द्यायची, हे जो तो आपापल्या जागी ठरवत गेला.

कलकत्त्याला शाह ब्रेल. मुंबईकडे डॉ. नीळकंठराय छत्रपती यांची पद्धत. मैसूरकडे आणखी वेगळी. नोल्स आणि गार्थवेट या दोघांनी पूर्वेकडच्या सगळ्याच भाषांना चालेल अशी 'ओरिएंटल ब्रेल' मांडली, म्हणजे एकीकरणाचाच प्रयत्न. पण सगळ्यांनी ती घेतली नाही, त्यामुळे यादीत आणखी एकीची भर पडली. एक्सकेसीडीचं ते स्टँडर्डवालं कार्टून तुम्ही पाहिलंच असेल. त्याच्या शंभर वर्षं आधी ते आपल्याकडे घडून गेलं होतं.

एक सांगतो, यातलं कुणीही मूर्ख नव्हतं. प्रत्येकाने आपल्या समोरच्या मुलांचा विचार केला होता, आपल्या भाषेचा केला होता. घोटाळा एकेका पद्धतीत नव्हता. घोटाळा तेव्हा सुरू व्हायचा, जेव्हा मूल एका शाळेच्या भिंतीबाहेर पडायचं. एकाच पोराला मराठी, हिंदी आणि इंग्रजी वाचायचं असेल तर त्याने तीन कोडी सोडवायची का? देवनागरी डोळ्याने वाचणाऱ्याला मराठी आली की हिंदीची अक्षरं फुकट मिळतात. बोटाने वाचणाऱ्याला ती सवलत मिळणं हे कुणाच्या तरी ठरवण्यावर अवलंबून होतं. आणि पुस्तकं छापणार कोण? ब्रेलची पुस्तकं जाडजूड, महाग, खप थोडा. त्या थोड्या खपाचेही पद्धतीगणिक तुकडे केले तर छापखाना काढायला कोण धजेल?

*

१९४० च्या दशकात सरकारने हे मनावर घेतलं. समिती बसली, 'युनिफॉर्म इंडियन ब्रेल' नावाचा आराखडा आला. एकमत काही झालं नाही. याच काळात क्लूथा मॅकेन्झी नावाचे एक गृहस्थ भारतात आले. न्यूझीलंडचे. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली होती. भारतातल्या अंधत्वाच्या स्थितीवर १९४४ मध्ये जो सरकारी अहवाल आला, त्यामागे हेच होते. डेहराडूनला युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी केंद्र सुरू झालं होतं, त्याच्याशीही त्यांचा संबंध होता. म्हणजे हा प्रश्न त्यांनी कागदावर नाही, बोटांनी अनुभवला होता.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद शिक्षणमंत्री. १९४९ मध्ये भारत सरकारने युनेस्कोला विनंती केली की बाबांनो, ब्रेलचं हे त्रांगडं सोडवायला मदत करा. युनेस्कोने पाहिलं तर हे दुखणं एकट्या भारताचं नव्हतं. अरबी, फारसी, मलाय, सगळीकडे थोडाफार हाच प्रकार. १९५० मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय बैठक झाली. फेब्रुवारी १९५१ मध्ये बैरूतला मध्यपूर्व, भारत आणि आग्नेय आशियासाठीची परिषद झाली. तिथल्या तत्त्वांवर भारतीय भाषांची एक समान ब्रेल पक्की झाली आणि एप्रिल १९५१ मध्ये भारत सरकारने ती स्वीकारली. तीच भारती ब्रेल. मॅकेन्झींनी जगभरच्या ब्रेलचा आढावा युनेस्कोसाठी पुस्तकरूपात १९५३ मध्ये दिला. आपल्याकडून या कामात लाल अडवाणी यांचाही वाटा होता. ते स्वतः दृष्टिहीन आणि १९४७ पासून शिक्षण मंत्रालयात.

तत्त्व काय ठरलं? एका वाक्यात सांगता येतं, आणि म्हणूनच ते टिकलं असावं: जो उच्चार तोच, त्याला शक्यतो खूणही तीच, भाषा कुठलीही असो. आणि ती खूण शक्यतो मूळ ब्रेलमधली.

म्हणून क म्हणजे के. म म्हणजे एम. र, ल, स, ह, प, न, ब, ग, ज, द, त सगळे आपापल्या इंग्रजी भावंडांच्या खुणा घेऊन बसले. महाप्राणांचं काय? तर इंग्रजी ब्रेलमध्ये टीएच, एसएच, सीएच, जीएच अशा जोड्यांसाठी आधीच एकेक खूण होती. त्या थ, श, छ, घ यांना दिल्या. आयतं घर मिळालं. मराठी, बंगाली, तमिळ, कन्नड, छापील रूपं एकमेकांना ओळख न देणारी. ठिपक्यांत क सगळीकडे क. उर्दू छापताना उजवीकडून डावीकडे जाते, ब्रेलमध्ये तीही बाकीच्यांसारखी डावीकडून उजवीकडे वाचतात.

आमच्या गावाचं एक गंमतीचं. ब्रिटिशांच्या जुन्या कागदांत करंजाचं स्पेलिंग सी ने केलेलं दिसतं. ब्रेलमध्ये सी ची खूण च ला गेली आहे. म्हणजे ते स्पेलिंग ठिपक्यांत घातलं की सुरुवात च ने! के ने लिहिणाऱ्यांचे आभार.

*

आता खरा मुद्दा. हे सगळं फुकटात झालं नाही.

छकुलीने कार्डावर बोट फिरवताना पहिला प्रश्न विचारला होता, "काका, याच्यात काना कुठेय?" बरोबर पकडलं होतं पोरीने. भारती ब्रेलमध्ये मात्राच नाहीत. 'जा' लिहायचं तर ज आणि त्यापुढे सरळ आ. पहिली वेलांटी छपाईत अक्षराच्या आधी येते, ब्रेलमध्ये उच्चाराप्रमाणे नंतर. जोडाक्षरात हलन्ताची खूण (फक्त चौथा ठिपका) अक्षराच्या आधी येते: 'प्रेम' म्हणजे हलन्त, प, र, ए, म. मग 'सी' आणि 'सई' यांत फरक कसा करायचा? 'सई' लिहिताना मध्ये अ घालतात. म्हणजे देवनागरीचं जे रूप आपण बालवाडीपासून गिरवतो, ते जवळजवळ सगळं सोडून दिलं आणि फक्त आवाज ठेवला.

आणि काही ठिकाणी तडजोड उघड दिसते. ण ची खूण म्हणजे ३, ४, ५, ६. नेमकी हीच खूण इंग्रजी ब्रेलमध्ये 'पुढे आकडा आहे' असं सांगणारी. एकाच खुणेला दोन कामं! कोड रिव्ह्यूमध्ये हे माझ्यासमोर आलं असतं तर मी लाल शेरा मारला असता. पण जरा थांबून बघा. आकड्याची खूण येते आकड्याच्या सुरुवातीला. आणि ण ने सुरू होणारा मराठी शब्द आठवा बरं? शाळेत सगळी अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला धरून शिकवतात, कमळातला क, गवतातला ग, आणि ण ला मात्र 'ण बाणाचा' म्हणावं लागतं. म्हणजे दोघांची गाठ क्वचितच पडते. देखणं नाही, पण चालतं. पंचाहत्तर वर्षं होत आली, चालतंय.

आता जुन्या पद्धतींच्या बाजूने विचार करा. कुणी आयुष्य घालून आपली पद्धत बसवलेली. शाळेत त्या पद्धतीची पुस्तकं. ती वाचत मोठी झालेली मुलं. नवी लिपी घ्यायची म्हणजे हे सगळं जुनं ठरवायचं, तेही आपली पद्धत वाईट होती म्हणून नाही, तर ती फक्त आपली होती म्हणून. मला वाटतं सगळ्यात कठीण भाग तो असणार. ६३ खुणांचं वाटप हे गणित आहे, दोन-तीन हुशार माणसं आठवड्यात करतील. आपलं चांगलं काम सोडायला तयार होणं हे गणित नाही.

सोडल्यावर मिळालं काय? १९५१ मध्येच डेहराडूनला सेंट्रल ब्रेल प्रेस सुरू झाली. पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब, स्थापन झाली. शिक्षकांना तयार करणं, पाठ्यपुस्तकं छापणं हे देशपातळीवर करता येण्यासारखं झालं, कारण आता 'कुठल्या ब्रेलमध्ये?' हा प्रश्न उरला नव्हता. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. ते काढायचं ठरवताना त्यांना आधी लिपीचा वाद सोडवत बसावं लागलं नाही. आज लिबलुइस नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठीचा तक्ता आहे, ज्याच्या जोरावर स्क्रीनवरची मराठी ब्रेल डिस्प्लेवर उमटते. पाच-सात पद्धती असत्या तर त्यातला कुठला तक्ता आधी लिहिला गेला असता, आणि कुठला कधीच लिहिला गेला नसता?

*

एकदा ठरलं की कायमचं ठरलं, असंही नाही बरं का. तुमच्या-आमच्या खिशातलं उदाहरण घ्या. १९९६ नंतरच्या महात्मा गांधी मालिकेत शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची १६७. फरक एक सेंटिमीटर, बोटांना कळण्याजोगा. २०१६ नंतरच्या नव्या मालिकेत शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. चार-चार मिलिमीटर! नोटांवरच्या उठावाच्या खुणा होत्या, पण वापरून वापरून उठाव बसतो. आणि वर्षानुवर्षं बोटांनी पाठ केलेलं माप एका झटक्यात निकामी झालं. नॅब यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये 'मनी' नावाचं नोट ओळखणारं ॲप आणलं. ॲप चांगलंच आहे, पण जे काम आधी दोन बोटं करत होती त्यासाठी आता फोन, कॅमेरा आणि चार्जिंग लागतं.

यातून मला जे उमगलं ते असं. डोळस माणसाला प्रत्येक गोष्ट थोडी वेगळी असली तरी निभावून नेता येते, कारण एका नजरेत सगळं पान दिसतं, काय कुठे आहे ते कळतं. बोटाने किंवा कानाने वाचणाऱ्याला एका वेळी एकच गोष्ट मिळते. पुढे काय येणार आहे याचा अंदाज हाच त्याचा नकाशा. मांडणी बदलली की मजकूर कितीही उत्तम असो, नकाशा गेला. म्हणजे सातत्य हा मजकुरावरचा रंगरंगोटीचा हात नाही, तो मजकुराचाच भाग आहे.

आणि 'सूचना' या शब्दावर फार विसंबू नये हेही. राजीव रतुडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं: दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा सुलभता सक्तीची करतो, पण त्याखालच्या नियम १५ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचनांचा उल्लेख आहे त्या 'करावं, केल्यास बरं' अशा भाषेत आहेत. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान सक्तीचे नियम वेगळे काढायला सांगितले. आमच्या पिवळ्या चौकटीत 'फोकस आत अडकवा' लिहिणाऱ्याने हा निकाल वाचायला हवा. त्याच्या आधी मी.

*

तर सोमवारी हापिसात जाऊन काय केलं? आधी दीड हजार शब्दांच्या माझ्या निबंधाची कत्तल. मग मित्राला बरोबर घेऊन सगळ्या पानांसाठी एकच साचा ठरवला. चार हेडिंग, त्याच नावाने, त्याच क्रमाने, त्याच जागी: कीबोर्ड, स्क्रीन रीडर काय बोलतो, रंग आणि आकार, आणि शेवटचं, मित्राच्या आग्रहाने आलेलं, 'सिस्टीम काय करते आणि तुम्ही काय करायचं'. या शेवटच्याचं महत्त्व मला आधी कळलं नव्हतं. आमच्या बऱ्याच चुका तिथेच होत होत्या. डेव्हलपरला वाटायचं लेबल सिस्टीम लावते, सिस्टीमवाल्यांना वाटायचं डेव्हलपर लावतो, आणि स्क्रीन रीडर म्हणायचा नुसतं "बटण".

एका गोष्टीवर वाद झाला. एखाद्या भागाबाबत रंगाचं काहीच सांगायचं नसेल तर? मी म्हटलं, हेडिंग काढून टाकू. मित्र म्हणाला, "नाही. ठेव, आणि खाली लिही की इथे वेगळं काही करायचं नाही. हेडिंगच नसलं तर मला कसं कळणार, की काही करायचं नाही, की तुम्ही लिहायला विसरलात?" ब्रेलमधलं चौसष्टावं घर आठवलं. काहीच न टोचलेलं, पण तेही वाचलं जातं.

सगळी पानं झालेली नाहीत अजून. टोस्ट बाकी आहे. माझ्या निबंधातले दोन चांगले तक्ते साच्यात बसले नाहीत, ते गेले. थोडं दुखलं. पण लोकांनी सबंध लिप्या सोडल्या, मी दोन तक्त्यांचं काय घेऊन बसलोय!

शेवटी त्या शनिवारचं एक राहिलं. संध्याकाळची लाँच पकडायला मित्र निघाला, तर छकुली धावत आली. तिने वहीच्या पुठ्ठ्यावर कंपासच्या टोकाने 'करंजा' टोचलं होतं. कार्डावरून बघून, एकेक ठिपका मोजून. फक्त पाटीवाला मित्र ज्या बाजूने टोचतो ती उलटी बाजू असते, हे ती विसरली होती. पुठ्ठा उलटल्यावर ठिपके वर आले खरे, पण सगळंच आरशातल्यासारखं.

मित्राने बोट फिरवलं. थांबला. परत फिरवलं.

"घ... ह... मध्ये अर्धविराम... ठ... ख. छकुले, हे कुठलं गं गाव?"

सगळे हसलो. मी घरी बसून पडताळून पाहिलं: क आरशात ख होतो, र चा ठ, ज चा ह, आ चा घ. अगदी बरोबर वाचलं होतं त्याने.

छकुली हिरमुसली, म्हणाली, "पण माझ्या बाजूने तर बरोबर आहे!"

"हो," तो म्हणाला, "पण वाचायचंय मला ना?"

मग बसला परत पायरीवर आणि तिच्याकडून उलटं टोचून घेतलं, पाचही घरं. लाँच चुकली. लोकलने गेला. नवा पुठ्ठा आमच्या दारावर लावलाय, करंजाला आलात तर हात लावून बघा.